संवाद समाप्त

लिफ्ट विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीतली लिफ्ट नवीकोरी असेल असं तुम्हाला वाटेल. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो उगाच नाही. ती एका पाडलेल्या इमारतीतून काढून, रंग फासून बसवली होती. आत शिरलं की ओल्या लोखंडाचा वास यायचा. म्हणून झिपरी जिन्यानेच ये-जा करी.

झिपरी म्हणजे कंपनीची प्रोग्रामर. केसांना कंगव्याचं वावडं, जिभेला लगामाचं. मेसेजिंग प्लॅटफॉर्मचे एपीआय, म्हणजे जोडणीचे दुवे, वापरून ग्राहकांसाठी कंपनीची स्वतःची चॅट-खिडकी बांधायची, हे तिचं काम. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की त्याने फोनवरून तिथे लिहायचं. साहेबांचा हट्ट एकच: ग्राहक जरा गप्प बसला की खिडकीने 'संवाद समाप्त' म्हणून मोकळं व्हायचं.

"साहेब, अडकलेला माणूस भीतीनेच गप्प होतो. गप्प झाला म्हणजे सुटला असं नाही."

"उगाच फाटे फोडू नकोस. जुन्या खिडकीतही हेच होतं. आली कुणाची तक्रार?"

दुपारी तिने खिडकी जोडली. आजवर वापरलेली प्लॅटफॉर्मची तयार खिडकी समाप्त झालेले संवाद लपवायची. झिपरीने सगळेच मागवले होते. त्यातला एक आपसूक वर सरकला.

'कुणी आहे का?'

वर्षांमागून वर्षं, तेच एक वाक्य. शेवटचं आत्ताचं.

तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना हाक मारली. संवादावरचा पत्ता वाचून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही इमारत तर पाडली गं. हा माणूस... आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता. फोन हातातच होता."

"आणि ती लिफ्ट?"

काकांनी नुसतं दाराबाहेरच्या लिफ्टकडे पाहिलं.

तेवढ्यात साहेब आले. "कुणाचा तरी चावटपणा आहे. पुसून टाक तो. आणि आपोआप बंद व्हायचा नियम चालू कर."

झिपरीच्या मानेवर काटा उभा होता, पण जीभ जागेवर होती. "नाही करणार. जिवंतपणी उत्तर दिलं नाही, आता तरी देऊ या. काढायचं तर काढा नोकरीवरून!"

आणि तिने टाइप केलं: 'मी आहे.'

साहेबांनी तिला बाजूला सारलं, नियम स्वतःच चालू केला. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणत ते लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्ट घरघरली... आणि मध्येच थांबली.

काका चावी घेऊन धावले. खिडकीत नवा संवाद उघडला, नंबर साहेबांचा.

'अडकलोय.'

'इथे कुणीतरी आहे...'

मग काहीच नाही. खाली अक्षरं उमटली: 'आपण गप्प आहात. संवाद समाप्त करत आहोत.'

"मी असेपर्यंत नाही!" झिपरीने तो नियम मुळासकट उपटला. 'साहेब, मी आहे. भांडण बाहेर आल्यावर करू.'

काकांनी दार फाकवलं. साहेब चुन्यासारखे पांढरे पडले होते.

"तो नियम..." ते पुटपुटले.

"काढला. परत घालणार नाही."

"नकोच घालू. आत मिट्ट काळोख... आणि कानाशी कुणीतरी टाइप करत होतं."

"तुम्हीच ना? मेसेज तुमच्या फोनवरून आले."

साहेबांनी खिसे चाचपले. दोन्ही रिकामे.

फोन झिपरीच्या टेबलावर पडला होता. तिला बाजूला सारताना त्यांनी ठेवला होता तिथेच. तिने तो उचलला. काच आतून घामेजली होती, आणि फोनला ओल्या लोखंडाचा वास येत होता.