नदीकाठच्या चालत्या खुंट्या

"आज मोजायचं म्हणजे मोजायचंच," म्हणत सायलीनं टेपचं एक टोक विश्वजीतच्या हातात कोंबलं.

योगिनीनं मोठी जांभई दिली. पहाटे चारला उठून ती मेंढरांमागं हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊन आली होती. आश्रमशाळेला सुट्टी लागली की बाकीच्या मुली मामाच्या गावाला जात. योगिनीच्या वाट्याला दीडशे मेंढरं येत. तिला या घडीला फक्त झोप हवी होती.

हा नदीकाठ सायलीच्या आईच्या कॉलेजचा. पावसाळ्याआधी इथं सायकलींसाठी रस्ता आणि काठ खचू नये म्हणून दगडी बांध व्हायचा होता. रस्त्याची रेघ दाखवायला लाल फिती बांधलेल्या लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. सायलीचं म्हणणं, या खुंट्या चालतात!

"तुझ्या डोक्यातलं काहीतरी चालतंय," विश्वजीत म्हणाला. तो तिचा मावसभाऊ, खुलताबादहून सुट्टीला आलेला. बहिणीला चिडवणं हा त्याचा पूर्णवेळ धंदा.

टेपनं मात्र सायलीची बाजू घेतली. फाटकावरच्या फलकावर 'काठापासून वीस मीटर' असं लिहिलेलं, आणि खुंटी होती बारा मीटरवर.

तिघं कामावरच्या इंजिनिअरकडे, प्रणय सरांकडे गेले. सरांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"खुंटीला पाय असतात का रे? सोमवारी जेसीबी येतोय. खुंटीला खुंटी धरून खोदायचं, विषय संपला."

"पण सर, काठाची माती भुसभुशीत आहे. मागच्या पावसात अख्खा लिंब नदीत गेला," सायली म्हणाली.

"म्हणून तर बांध घालतोय ना बेटा," असं म्हणून सर पुन्हा मोबाइलमध्ये गेले.

त्या दुपारी सायलीनं आईचं जांभळं नेलपॉलिश पळवलं. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक ठिपका आणि शेजारच्या दगडावर दुसरा. सकाळी पाहतात तर दगड जागेवर आणि खुंट्या तीन पावलं नदीकडे.

"चोर असता तर घेऊन गेला असता," विश्वजीत डोकं खाजवत म्हणाला. "हा परत ठोकून का जातो?"

उत्तर योगिनीलाच सापडलं, त्याच संध्याकाळी. पडीक जमिनीला खत मिळावं म्हणून कॉलेजनंच तिच्या वडिलांना, कारभारी आबांना, मेंढरं बसवायला बोलावलं होतं. पावसाळा लागेपर्यंत इथंच राहायचं ठरलं होतं. चार महिने पायपीट झाल्यावर मिळालेला हा एवढाच विसावा. रात्री मेंढरांभोवती जाळी लावायची, तिला वाघर म्हणतात. ते काम रोज आबाच करत, कारण तोवर योगिनीला बसल्या जागी डुलकी लागलेली असे. आज ती मदतीला वाकली, आणि जाळीच्या खुंटीवर तिला जांभळा ठिपका दिसला.

"आबा, ह्या खुंट्या कुठल्या?"

"काठावरल्या. आपल्या लाकडाच्या मोडल्या ना. मी सकाळी परत ठोकतो की. कुणाची चीज ठिवून घ्यायची नाय आपल्याला."

"जागच्या जागी?"

"अदमासानं. माती मऊ लागंल तिथं."

मऊ माती म्हणजे नदीकडची. योगिनीला आबांचा राग येईना. ज्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रोज थोडा सरकतो, त्याच्या लेखी खुंटी ही उपटून पुन्हा ठोकायचीच वस्तू. सांगावं तर वाडा उठणार आणि कोकरं घेऊन पुढच्या मुक्कामाला, कन्नडपर्यंत चालावं लागणार. न सांगावं तर रस्ता नदीत जाणार. दमलेली असूनही त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. सायलीनं प्राचार्य आप्पासाहेबांना हाताला धरून आणलं होतं. त्यांनी स्वतः टेप धरली. नऊ मीटर.

"कुणी केलं हे?"

"ते मेंढपाळ राहतात ना तिथं..." प्रणय सर चाचरत म्हणाले.

"योगिनीचे आबा असं करणार नाहीत," सायली ताडकन म्हणाली.

ते ऐकून योगिनीला गप्प राहवेना. "आबांनीच केलंय," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. कारभारी हात जोडून मागं उभे होते.

आप्पासाहेबांनी आधी प्रणय सरांकडे पाहिलं. "खोदण्याआधी एकदा मोजायचं, हे तीन पोरांना सुचलं. तुम्हाला नाही?" मग ते योगिनीकडे वळले. "वाडा उठवतील अशी भीती नाही वाटली?"

"लई वाटली सर. पर एवढं मनात ठिवून कन्नडपर्यंत चालायचं म्हंजी... नसतं झेपलं."

आप्पासाहेबांनी टेप गुंडाळली. मग म्हणाले, "शाब्बास पोरी. तिघंही शाब्बास. वाडा पावसाळ्यापर्यंत हलणार नाही. कारभारी, जाळीसाठी वेगळ्या खुंट्या देतो, पण या आता सरांसोबत मोजून ठोका."

बावीस खुंट्या वीस मीटरवर गेल्या. शेवटची ठोकून झाली तेव्हा योगिनी दगडाला टेकून गाढ झोपलेली. वाड्यावर मेंढरं भुकेनं ओरडत होती. सायली तिला हलवायला वाकली.

"उठवू नका तिला," कारभारी हळूच म्हणाले. "आज मेंढरांमागं आपण तिघं जाऊ."

सायलीनं विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीतनं दीडशे मेंढरांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं काठी उचलली.