साहेब ऐकत असतो

कासव घरी आलं ते शनिवारी सकाळी, फळांच्या खोक्यातून. बसमध्ये वडिलांनी खोकं मांडीवर घेतलं होतं आणि शेजारच्या बाईंना ते सांगत होते, की हे पाण्यातलं नाही, जमिनीवरचं आहे, वय पन्नासच्या पुढे, म्हणजे आमच्या मुलीपेक्षाही थोरलं. मुलगी मागच्या बाकावरून ऐकत होती. आई गेल्यानंतर वर्षभरात वडील अनोळखी माणसाशी आपणहून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

कल्पना तिचीच. ती कानाच्या डॉक्टरांकडे नोकरीला होती. दिवसभर ध्वनिबंद खोलीत लोकांच्या कानांना हेडफोन लावायचे आणि कुणाला किती ऐकू येतं ते कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. वडील तोवर घरी एकटे. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापील कागदावर चुका टिपायच्या, अशी तिथली पद्धत होती आणि छत्तीस वर्षं वाचणारे तेच. त्यामुळे घरी वर्तमानपत्र वाचतानाही ते विरामचिन्हांसकट वाचत: "उद्या पाणी बंद राहील स्वल्पविराम नागरिकांनी सहकार्य करावे पूर्णविराम." आई भाजी निवडता निवडता 'हं' म्हणायची. आई गेल्यावर ते रिकाम्या स्वयंपाकघराला बातम्या वाचून दाखवू लागले, तेव्हा मुलीला राहवेना. दत्तक द्यायच्या प्राण्यांच्या केंद्रावर तिनं अर्ज केला. कुत्र्यामागे धावणं वडिलांना झेपलं नसतं. मांजरामुळे त्यांना शिंका आल्या असत्या. राहिलं कासव.

वडिलांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. म्हणाले, "जन्मभर साहेबाच्या पुढेपुढे केलं. आता साहेब माझ्या मागेमागे येतोय."

आणि साहेब खरंच यायचा. केंद्रानं दिलेला सूचनांचा कागद वडिलांनी आधी चुका दुरुस्त करून मग भिंतीला लावला. त्याप्रमाणे बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी माती घातलेली मोठी पेटी आली, वर उष्ण दिवा आला. सकाळी पालक नाहीतर मुळ्याचा पाला, त्यावर चिमूटभर कॅल्शियमची पूड. एक दिवसाआड कोमट पाण्यात पंधरा मिनिटं अंघोळ, पाणी हनुवटीच्या खाली. मग वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडत आणि साहेब पेटीतून उतरून त्यांच्या पायाशी येई. वाचन सुरू झालं की तो चघळणं थांबवी. मान एवढी लांब काढी, की कातडीच्या सगळ्या सुरकुत्या उलगडून ती गुळगुळीत दिसे.

"बघ," वडील म्हणाले, "तुझ्या आईनंसुद्धा इतकं मन लावून ऐकलं नाही."

तिसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. घड्याळ वेळ बरोबर दाखवत होतं, काटे फिरत होते, आवाज तेवढा नव्हता. तिनं सेल बदलला आणि विसरून गेली. मग एकदा भांडी विसळताना तिचं लक्ष मोरीच्या गळक्या नळाकडे गेलं. थेंब नळाच्या तोंडाशी जमत होता, फुगत होता, रिकाम्या स्टीलच्या बादलीत पडत होता. काही ऐकू येत नव्हतं. तिनं चमचा बादलीवर आपटला. तो खणकन वाजला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सहकारी बाईकडून स्वतःची तपासणी करून घेतली. दोन्ही कान उत्तम. संध्याकाळी तिनं दवाखान्यातलं आवाज मोजायचं मीटर घरी आणलं आणि नळाशेजारी धरलं. थेंब पडत राहिले. आकडा हलला नाही.

ती हिशेबी डोक्याची होती, म्हणून लक्ष ठेवू लागली. गॅलरीचं दार कुरकुरायचं. साहेब दोन दिवस त्या दाराशी मान काढून बसला. तिसऱ्या दिवशी दार मुकाट्यानं उघडलं. वडील खूश झाले, तेल वाचलं म्हणाले. तिला मात्र आठवलं, की त्याआधी तो मोरीच्या उंबऱ्याशी बसलेला असायचा.

हे बोलायचं कुणाला? कानांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईनं, आमचं कासव आवाज खातं, असं सांगितलं तर लोक काय म्हणतील, हे तिला कळत होतं.

पुढे एका सकाळी तिला जाणवलं, की वडिलांनी विरामचिन्हं वाचायचं सोडलंय. वाक्यामागून वाक्य येत होतं, मध्ये नुसते थांबे. बरं झालं, सुटली एकदाची सवय, असं मनात म्हणत ती चहा घेऊन समोर बसली आणि सहज त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येक थांब्यात ओठ हलत होते. स्वल्पविराम. स्वल्पविराम. पूर्णविराम.

साहेब पायाशी होता.

त्या दिवसापासून तिनं त्याला पेटीबाहेर काढलं नाही, वर फळी ठेवली. ती कामावर गेली की वडील फळी काढत. आठवड्याभरात त्यांचा खोकला गेला, म्हणजे खांदे हलायचे आणि आवाज यायचा नाही. मग शब्द विरत गेले, आणि एका सोमवारी वडील तिच्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलले आणि तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्र निरोगी होतं, हालचालही नीट होती. ते म्हणाले, मनाचं असेल, बायको गेल्याचा धक्का कधीकधी उशिरानं बसतो. वडील तिच्याकडे आणि डॉक्टरांकडे आळीपाळीनं बघत होते. घरी आल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: "मला माझं सगळं नीट ऐकू येतंय. तुमचेच कान गेलेत. मला आधी सांगायचंस, बाळ."

ती बेचाळीस वर्षांची होती. ते अजून तिला बाळ म्हणत.

दवाखान्यात श्रवणयंत्रं तपासायला एक नळी असते, एक टोक यंत्राला, दोन टोकं आपल्या कानांना. ती नळी तिच्या पिशवीत होती. साहेबाची अंघोळ चालू असताना तिनं नळीचं टोक त्याच्या पाठीला टेकवलं.

टिकटिक. बादलीत पडणारा थेंब. दाराची कुरकुर. मग वडिलांचा खोकला, आणि त्यांचा आवाज, ठणठणीत, शांतपणे बातमी वाचणारा, स्वल्पविरामासकट. त्यांच्याही मागे, खूप आत, दुसरी माणसं होती. कुणी बाई अंगाई गुणगुणत होती. एक म्हातारा कुणाला तरी दार उघडायला सांगत होता. त्यांच्यामागे आणखी, गर्दी म्हणावी इतकी.

पाणी गार होईपर्यंत ती ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्राला फोन करून विचारलं, हे कासव तुमच्याकडे आलं कुठून. तिथला देखभाल करणारा माणूस आठवून सांगू लागला. एक बाई घेऊन आल्या होत्या. सगळं कागदावर लिहून सांगत होत्या, त्याला वाटलं मुक्या असतील. अर्ज भरून झाल्यावरही त्या निघेनात. तासभर कासवाच्या पाठीला कान लावून बसल्या.

"परत आणताय का?" त्यानं विचारलं.

ती हो म्हणाली. साहेबाला त्याच खोक्यात घालून ती बसथांब्यापर्यंत गेलीसुद्धा. बस आली, दार उघडलं. खोक्यात तिच्या वडिलांचा आवाज होता. जगात तो आणखी कुठेही नव्हता. बस निघून गेली आणि ती खोकं घेऊन घरी आली.

वडील आरामखुर्चीत बसले आणि वाचू लागले. तीही आता समोर बसून, ओठांकडे बघत, आई म्हणायची तसं 'हं' म्हणायची.

पुढे दीड महिन्यानं, एका रविवारी भर दुपारी, ती स्वयंपाकघरात साहेबासाठी पालक धूत होती. तीन पाण्यांतून पानं काढली, बारीक चिरली, पूड भुरभुरवली. ताटली घेऊन खिडकीपाशी गेली तर पेटी रिकामी.

साहेब न्हाणीघराच्या दाराशी बसला होता. मान पूर्ण बाहेर.

दार नुसतं लोटलेलं होतं. वडील आत फरशीवर होते, एक हात दाराच्या दिशेनं.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पडल्यावर निदान अर्धा तास ते शुद्धीत असावेत. त्यांनी हाक मारली नाही का, असं विचारलं. स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर होतं.

तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिनं नळी काढली. बराच वेळ ती हातात धरून बसली. मग टेकवली.

"बाळ, जरा येतेस का?"

आवाजात घाई नव्हती. आपल्या मुलीला कमी ऐकू येतं, हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो आवाज होता. मग थोडा मोठ्यानं. मग खोकला. मग पुन्हा. शेवटी शेवटी ते तिला बोलवत नव्हते, नुसतं बाळ म्हणत होते.

तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशीही ऐकलं.

दिवस तसेच जाऊ लागले. सकाळी पाला, एक दिवसाआड अंघोळ, दिवा वेळेवर. कामावरून आली की ती पाठीला नळी लावून त्याच्याशेजारी जमिनीवर बसे आणि त्या प्रत्येक हाकेला ओ देई. आले, बाबा. इथंच आहे. आले. साहेब चघळणं थांबवून तिच्याकडे मान लांब करी, सुरकुत्या उलगडत. तिला ते दिसत होतं. ती बोलत राहिली.

एका गुरुवारी सकाळी दवाखान्यात एक वृद्ध गृहस्थ आले. नव्या श्रवणयंत्राचा पहिलाच दिवस होता त्यांचा. तिनं यंत्र त्यांच्या कानात बसवलं, खुर्ची पुढे ओढली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं वाटतंय? नीट ऐकू येतंय ना?"

गृहस्थ तिच्या ओठांकडे बघत हसले.

तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, मोठ्यानं. तिला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

गृहस्थांनी ओशाळून यंत्र कानातून काढलं, त्याचं बारीक झाकण उघडून सेल तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत बसवला. मग यंत्र कानात घालून, कानामागे हात धरून, ते तिच्या बोलण्याची वाट बघत बसले.