मेंढरं मागून येतात

"मॅडम, सगळी मेंढरं पडद्यालाच बांधून ठेवलीत का हो?"

रिकाम्या थिएटरात मी माझी फिल्म लावून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला आणि मी दचकून वळले. शेवटच्या रांगेपाशी एक उंच तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल, आणि डोळ्यांत नको तेवढं हसू.

"आपण कोण?"

"ल्युबेन. इथला आवाज मी बघतो. दहा मिनिटं मागं उभा आहे, पण इथं एक घंटा ऐकू येईल तर शपथ!"

"तुमचे मागचे स्पीकर बिघडले असतील."

"माझ्या स्पीकरना काही बोलायचं नाही हं, मॅडम."

"झोर्नित्सा," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "मॅडम नाही."

माझा पहिलाच माहितीपट होता. रोदोपीच्या डोंगरात आयुष्यभर मेंढ्या राखलेल्या स्टामेन आजोबांवरचा. आता त्यांची नजर गेली होती, कळपही राहिला नव्हता. संध्याकाळी पाचला ते स्वतः स्मोल्यान गावच्या या थिएटरात येणार होते. त्यांना दिसणार तर काहीच नव्हतं... म्हणून दोन महिने खपून मी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचे आवाज असे बसवले होते, की कळप पाठीमागून यावा आणि दोन्ही अंगांनी पुढं निघून जावा.

मी लॅपटॉप उघडला. ल्युबेन शेजारच्या खुर्चीत बसून वाकला.

"फिल्म बाहेर काढताना आवाजाला काय निवडलं होतंत?"

मी बघितलं आणि जीभ चावली. "स्टिरिओ."

"म्हणजे सहा जणांना दोन खुर्च्यांवर कोंबलंत!"

रडू यायचं ते हसूच आलं. मी सहा चॅनलांचं सराउंड निवडलं आणि पुन्हा एक्सपोर्टला लावलं. पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. तो बाहेर जाऊन चीज भरलेली गरम, खुसखुशीत बानित्सा आणि ताक घेऊन आला. तिचा पापुद्रा माझ्या हनुवटीला चिकटला होता, हे मला मागाहून कळलं. त्यानं तेव्हा सांगितलं नाही, नुसता बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... छान आहे."

दुसऱ्यांदा फिल्म लावली, तर घंटा पडद्यात आणि स्टामेन आजोबांचा आवाज मागच्या डाव्या कोपऱ्यातून!

"आजोबा संडासातून बोलतायत," ल्युबेन गंभीरपणे म्हणाला. "तिकडं संडासच आहे."

आम्ही दोघं खुर्च्यांना धरून हसलो. चॅनलांचा क्रम उलटसुलट झाला होता. तो त्यानं माझ्याकडून एकेक करत नीट लावून घेतला. त्या नादात 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही. तिसऱ्यांदा तो थिएटरभर फिरला. ज्या स्पीकरमधून घंटा येई, त्याखाली उभा राहून हात वर करी. शेवटी मागच्या भिंतीपाशी त्यानं दोन्ही हात वर केले, आणि खुर्चीतून उठून मीही वर केले.

पाचला स्टामेन आजोबा मधल्या रांगेत बसले, टोपी मांडीवर ठेवून. कळप मागून आला. आजोबांनी मान वळवली, कान दिला, आणि भर थिएटरात हाक मारली, "ए काळे! मागं राहू नकोस गं!"

कुणीतरी हसलं. आजोबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. मी मागं बघितलं. ल्युबेन बाहीनं डोळे पुसत होता.

सगळे गेल्यावर आम्ही थिएटरच्या पायरीवर बसलो. भुरभुर पाऊस होता, लायलॅकच्या फुलांचा वास दाटला होता.

"एक सांगू? रागावशील," तो म्हणाला. "तिसऱ्या वेळी मनात आलं होतं... हेही चुकावं."

"का?"

"चौथ्यांदा बसावं लागलं असतं. माझ्या शेजारी."

मी बोटानं ओल्या पायरीवर रेघा ओढत राहिले.

"तुझी सोफियाला परत जायची बस किती वाजता?" त्यानं हळूच विचारलं.

"साडेसहाला."

त्यानं घड्याळ बघितलं आणि ताडकन उठला. "अगं झोर्नित्सा, पावणेसात झाले!"

"माहितीये मला," मी म्हटलं. "बस ना खाली."