बारके, सही कर वं

हे खरं घडलंय. पटत नसेल तर हिला ऊन लागलं असेल म्हणा, मी भांडणार नाही.

मी नागपूरला, महाल भागात एका वकिलांकडे काम करते. गेल्या वर्षीचा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

ऑनलाइन सहीसाठी कागद पाठवणं हे माझं काम. त्यासोबत मेल जातो. पण कोरडा मेल दिसला की लोक फ्रॉड समजून उघडतच नाहीत. म्हणून प्रत्येकासाठी एखादी घरगुती ओळ मी स्वतः लिहायचे. त्याचा मला भारी तोरा होता.

त्या दिवशी नंदनवन वस्तीतलं घर विकायचं संमतीपत्र होतं. भाऊ ताराचंद माझ्यासमोरच बसले होते. त्यांची सही झाली होती. राहिली होती बहीण, गोपिकाताई. आई त्याच घरात वारली, तेव्हापासून त्या तिथे एकट्याच.

"लवकर पाठव वं पोरी," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. "मले या घरात राहवत नाही."

मी भाऊंना विचारलं, "ताईंना घरी काय म्हणत?"

"बारकी."

मी लिहिलं... "बारके, सही कर वं."

मेल गेला.

लगेच ताईंचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"हे नाव तुले कोणी सांगितलं? फक्त आई म्हणे मले बारकी!"

भाऊंनी मान खाली घातली.

"अन् असं काहून लिहिलं वं?"

"कसं, ताई?"

त्यांनी वाचून दाखवलं...

"बारके, मले सोडून काहून जाऊन राहिली वं?"

मी पाठवलेला मेल उघडून पाहिला. त्यात माझीच ओळ होती.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला.

आणि फोनमधून स्पष्ट ऐकू आलं...

कट्... कट्...

अडकित्ता.

"ताई, घरात कोण आहे?"

"कोणीच नाही." त्या रडत होत्या. "आई अशीच सुपारी कातरे. ती गेली तेव्हापासून रोज दुपारी हेच. मी आत्ताच सही करते. मले निघू दे इथून."

फोन कटला.

थोड्या वेळानं माझ्या मोबाईलवर मेल आला. "सही नाकारली."

खाली कारण लिहायला जागा असते. लोक ती रिकामीच सोडतात.

तिथे लिहिलं होतं...

"बारकी कुठं नाही जात."

मी स्पीकरवर फोन लावत राहिले. शेवटी ताईंनी उचलला.

"ताई, परत पाठवू?"

"राहू दे, पोरी." आवाज एकदम निवांत. तोंडात काहीतरी घोळत होतं. "बरं वाटते आता इथं."

"काय खाताय?"

"सुपारी."

भाऊ उठून उभे राहिले.

"तिनं जन्मात सुपारी नाही खाल्ली," ते म्हणाले.

घर अजून विकलेलं नाही. ताई भावालाही दार उघडत नाहीत. त्यांना सुटायचं होतं, हे आठवलं की मला रडू येतं.

मेल मी अजूनही पाठवते. पण आता कागदावरचंच नाव लिहिते. कोणाला घरच्या नावानं हाक मारत नाही.