जाणाऱ्याला लळा लावू नये

"अगं आत्या, बघ तरी किती गोड…"

सहलीबरोबर परदेशातलं अभयारण्य बघायला आलेल्या तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्यासमोर एक बोट आलं. चूप! बोटाचा धनी नखशिखांत हिरव्या झग्यात, तोंडावर जाळी… दिसत होते ते फक्त डोळे. ताडपत्रीच्या भोकातून त्याने दुधाची बाटली धरली होती आणि पलीकडे एक पोरकं पाडस चुटूचुटू पीत होतं.

घरी तिला 'रेडिओ' म्हणायचे. पण त्या डोळ्यांपुढे ती गप्प बसली.

बाहेर येताच त्याने जाळी काढली आणि चक्क मराठीत म्हणाला, "माफ करा हं. पाडसाला माणसाचा आवाज आवडायला लागला, तर रानात सोडल्यावरही ते माणसाकडेच धावेल. आणि माणूस काय नेहमी दूध घेऊनच येतो?"

"अय्या, मराठी! परक्या देशात! मग आत सांगायचं नाही का?"

"आत कसा बोलणार? नियम मीच केलाय."

ती खळखळून हसली. तोही हसला, जरा लाजत.

दुसऱ्या दिवशी सहलीच्या मंडळींनी बाजार पालथा घातला, ही मात्र पुन्हा अभयारण्यात. तिसऱ्या दिवशीही. तिने बाटल्या धुतल्या, गवत पसरलं आणि पाडस पीत असताना एक अक्षर काढलं नाही. नजरेला नजर मिळाली, की दोघंही घाईघाईने पाडसाकडे बघायचे. तिला तो आवडला होता. फार आवडला होता.

चौथ्या दिवशी सहलीची बस तिला अभयारण्यातूनच घेऊन विमानतळावर जाणार होती. आणि नेमका आजच हा खाली मान घालून कुंपणाची तार ओढत बसलेला!

"रागावलात?"

"नाही… जाणाऱ्याला लळा लावू नये. आपणही लावून घेऊ नये. इथली रीतच आहे ती."

तिचं डोकंच फिरलं. "अहो, मी काय रानात सोडायचं पाडस आहे? जायची वाट कळते, तशी यायचीही कळते मला!"

त्याने मान वर केली. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजू लागला.

"तुम्ही मला आवडता. सुट्टी मिळाली, की मी परत येणार. जाळी ओढून बसलात तरी येणार! मी आवडत नसेन, तर आत्ताच सांगा…"

बसचा हॉर्न वाजला. खिडकीतून आत्या ओरडली, "अगं ए, आवर! विमान काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

तिने पाऊलही हलवलं नाही. त्याने हातातली तार खाली ठेवली.

"तू कशाला येतेस?" तो उठून उभा राहिला. "पुढच्या महिन्यात मीच येतो. तुझ्या आईबाबांना भेटायला… चालेल?"

"आत्या," ती त्याच्यावरची नजर न काढता ओरडली, "दोन मिनिटं धरून ठेव गं बस… आमचं ठरतंय!"