बिनकोडचा नंबर

तांब्याच्या तारेचा फोन काढून फायबर बसवायला अभिमन धुळ्याला देवपुरात कोकिळाबाईंच्या घरी आला, तेव्हा त्या कूलरमधे पाणी भरत होत्या. इंटरनेटशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. जुनी लाइनच बंद होणार म्हणून हा सगळा खटाटोप. त्यांचा जीव अडकला होता तो दाराशेजारच्या अलार्मच्या पेटीत.

ही पेटी त्यांच्या यजमानांनी, जीवरामभाऊंनी, धुळ्यात चोऱ्या वाढल्या होत्या तेव्हा बसवलेली. लाल बटण दाबलं की ती आपोआप समोरच्या सुकदेवनानांना फोन लावायची, आणि तिच्यातूनच बोलता यायचं. पुढं भाऊ गेले. नाना लेकाकडं सुरतला गेले, त्यांचा फोन कटला, घराला कुलूप लागलं. पेटी तेवढी राहिली. कारण पुण्याला असलेल्या मुलानं, पियुषनं, अट घातली होती: अलार्म चालू असेल तरच एकटीनं राहायचं, नाहीतर घर विकायचं. गिऱ्हाईक तयारच होतं. पुण्यात कोकिळाबाईंच्या वाट्याला हॉलमधला सोफा होता, तोही पाहुणे उठल्यावर.

पेटी कुणाला फोन लावते, हे मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं.

अभिमननं पेटीची तार फायबरच्या पांढऱ्या डब्यात खोचली आणि कान खाजवला. "अक्का, आता गावातल्या गावात लावायचा तरी आधी एसटीडी कोड फिरवावा लागतो. ही पेटी नुसता नंबर फिरवते. आतला नंबर बदलायचा तर पासवर्ड पाहिजे."

"तो टाकणारे गेले."

"सांगून नाही गेले?"

"घरातलं कधी काही सांगितलं त्यांनी? पासवर्ड बरा सांगतील."

तेवढ्यात पियुषचा मोबाईलवर फोन आला. "मम्मी, चालतोय का अलार्म? बटण दाब, मला ऐकू दे."

कोकिळाबाईंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पेटी टिकटिकली. रिंग गेली. कुणीतरी उचललं.

"काय व्हयनं, माय?"

उन्हातून आल्यासारखा दमलेला, पण मायेनं अहिराणीत विचारपूस करणारा आवाज.

"बरं, लागतोय," पियुष म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याचा आवाज जरा पडलेला वाटला.

अभिमन डब्याकडं बघत राहिला. "अक्का, लाइन अजून सुरूच नाही झाली. दिवा कुठं लागलाय?"

"मग उचलला कुणी?"

त्यानं पक्कड पिशवीत टाकली. "चहा नको, अक्का," म्हणाला. चहाचं कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी कोकिळाबाई रस्ता ओलांडून गेल्या. नानांच्या कुलपाला गंज चढला होता. खिडकीच्या फटीतून भिंत दिसली. फोनच्या जागी नुसता पांढरा चौकोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"काय व्हयनं, माय?"

"काही नाही. सहज."

"मंग ठीक शे."

पियुषला सहज फोन केला की तो विचारायचा, काही काम होतं का. हा विचारत नव्हता. मग रोज दुपारचं बटण दाबणं सुरू झालं. गुडघे, नळाचं पाणी, भाऊंचा स्वभाव, तो सगळं ऐकून घ्यायचा. कोण आहेस, हे कोकिळाबाईंनी मुद्दामच विचारलं नाही.

एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "माय, दूध उतू जाय ऱ्हायनं."

त्या धावल्या. गॅस बंद केला, आणि हात तसाच शेगडीच्या बटणावर राहिला. स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. समोरच्या घरातून ते दिसत नाही. कुठूनच दिसत नाही.

त्यानंतर तो विचारायला लागला, "येऊ का, माय?"

"नको रे बाबा," त्या म्हणायच्या.

वैशाखातल्या एका रविवारी पियुष न कळवता आला. हातात मोजपट्टी.

"गिऱ्हाईक थांबत नाही, मम्मी."

"अलार्म चालतोय की."

"कुणी रिकामटेकडा उचलतो म्हणून चालतोय म्हणायचं का? नानांचा फोन कधीच कटलाय, मला माहितीये."

"मग अट कशाला घातली होती?"

"वाटलं होतं, लाइन बदलली की बंद पडेल आपोआप." त्यानं पेटीची तार डब्यातून उपटली आणि तो मधल्या खोलीत मापं घ्यायला गेला.

तार लोंबत राहिली. कोकिळाबाई पेटीपाशी जाऊन बसल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

रिंग गेली.

"येऊ का, माय?"

आत मोजपट्टी भिंतीवरून खरखरत होती.

"ये," त्या म्हणाल्या.

खरखर थांबली.

पियुष बाहेर आला. बूट काढले. त्यांच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसला. लहानपणापासून अहिराणीची लाज वाटणारा त्यांचा पोरगा.

"काय व्हयनं, माय?"

कोकिळाबाईंनी त्याचं तोंड नीट निरखलं. मग उठून त्याला ताट वाढलं, भाकरी कुस्करून दिली. तो खाली मान घालून जेवू लागला.

पेटीतून आवाज आला. "मम्मी? मम्मी, इथे अंधार आहे. बाहेरून कुलूप कुणी लावलंय?"

कोकिळाबाईंनी पेटीचा आवाज कमी केला आणि त्याला विचारलं, "आणखी वाढू?"