हस्तवळण

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटले : 'ही नोंद माणसाने केलेली नाही.'

"नाहीच केलेली. पण याला कळतं कसं?" हेमांगी साळोखेने वैतागून विचारले.

कोल्हापूरच्या पडताळणी प्रयोगशाळेतले बाकीचे लोक जेवायला गेले होते. इरफान मुजावर तेवढा तिच्या शेजारी बसला होता. दोघे पूर्वी एकाच कंपनीत होते. आता माणूस आणि यंत्र यांतला फरक ओळखणारी प्रणाली सांभाळणे ही इरफानची नोकरी होती, आणि त्याच प्रणालीला चकवायचे कसे, हे विचारायला हेमांगी आली होती.

तिची आई मालन घरी श्वासयंत्रावर होती. यंत्रे कमी, रुग्ण जास्त. मेलेल्यांच्या नावावर यंत्रे अडवून ठेवल्याचे उघडकीस आल्यावर कायदा झाला होता : दर आठवड्याला रुग्णाने स्वतः हयातनोंद करायची, नाहीतर यंत्र पुढच्या रुग्णाला. चेहरा आणि आवाज यांची नक्कल आता कुणालाही जमे, त्यामुळे कायदा फक्त हात मानत होता. पडद्यावरच्या नागमोडी रेषेवरून बोट फिरवायचे. ते कुठे अडखळते, कुठे घाई करते, यावरून प्रणाली माणूस ओळखे. या खुणेला हस्तवळण म्हणत. मालनचे स्नायू झिजत होते. एखाद्या दिवशी तिचे बोट उचललेच जात नसे. म्हणून हेमांगीने ब्राउझर आपोआप चालवणारा 'स्वयंचालक' लिहिला होता.

"तुझा ब्राउझर बिनपडद्याचा चालतोय, खिडकी न उघडता आतल्या आत," इरफान म्हणाला. "वर स्वतःच सांगतोय, मला प्रोग्रॅम चालवतो म्हणून. बेल वाजवून 'चोर आलाय' म्हणाल्यासारखं."

"ते बंद केलं रे. आईचं जुनं हस्तवळण गिरवणारं पूरक, एक्स्टेन्शन, तेही जोडलं ब्राउझरला."

"जोडलंस, पण ते चढलंय कुठं? बघ की." त्याने पूरकांची यादी उघडली. ती रिकामी होती. "स्वयंचालक दर वेळी कोरा ब्राउझर उघडतो. त्यात ना पूरक, ना जुन्या भेटींच्या खुणा. आईच्या रोजच्या ब्राउझरमधून चालव. पडदा उघडा ठेवून."

हेमांगीने बरोबर आणलेल्या आईच्या लॅपटॉपवर तसे बदल केले. पडद्यावरची खूण आपोआप सरकू लागली, मालन जिथे अडखळायची तिथेच अडखळली.

'नोंद स्वीकारली. नमस्कार, मालन साळोखे.'

"तुझी नोकरी जाईल यापायी," हेमांगी म्हणाली.

"काकू जिवंत आहेत ना? मग खोटं काय त्यात?" इरफान म्हणाला. "फक्त अडलं तरच वापर. आजारात हात बदलत जातो, म्हणून स्वीकारलेल्या प्रत्येक नोंदीतून प्रणाली शिकते. ज्याच्या हातानं शिकेल, त्याचंच वळण लागेल तिला."

हेमांगीने मान डोलावली.

सुरुवातीला तिने अडलेल्या दिवशीच स्वयंचालक चालवला. मग आई थकलेली वाटली तरी चालवू लागली. शेवटी आईचा लॅपटॉपच तिने आपल्या ऑफिसात नेऊन ठेवला. तिथे वीज जात नसे. नोंद ठरल्या वारी आपोआप होऊ लागली.

"आज हात हलतोय गं," मालन एकदा म्हणाली. "मी करते की."

"राहू दे आई. झालं ते."

"मग जिवंत कोण, मी का तुझा कंप्यूटर?"

"दोघंही."

दोघी हसल्या. मालनला हसण्यानेच धाप लागली.

तिचे बोट दर आठवड्याला मंदावत होते. पूरकाचे बोट मात्र होते तसेच होते. दर वेळी ते स्वतःच्याच मनाचे बारीकसे फेरफार करी, आणि प्रणाली तेही मालनचे म्हणून शिकून घेई.

मग एका सकाळी अचानक तपासणी आली. अधिकारी ढवळे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मालनसमोर टॅब्लेट धरला. हात त्या दिवशी बरा होता. मालनला आनंदच झाला. कपाळावर घाम येईपर्यंत तिने बोट रेषेवरून नेले.

'हात जुळत नाही.'

"घाई नको, आजी. पुन्हा करा."

'हात जुळत नाही.'

हेमांगीला कारण उमगले. ते सांगता येणार नाही, हेही उमगले. खरे सांगितले तर सगळ्या नोंदी खोट्या ठरणार आणि यंत्र जाणार. तेवढ्यात टॅब्लेट वाजला. ढवळ्यांनी वाचले, मालनकडे पाहिले, पुन्हा वाचले.

"मालनबाई हयात आहेत," ते म्हणाले. "आत्ताच नोंद केलीय त्यांनी, दुसऱ्या ठिकाणाहून. हात तंतोतंत जुळलाय. मग या कोण?"

"आई आहे माझी!"

मालनने नाकावरचा मास्क कसाबसा बाजूला सारला. "मीच... मालन."

"दुसऱ्याच्या यंत्रावर असलेले सगळे असंच सांगतात, आजी," ढवळे समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि यंत्र उतरवायला खाली थांबलेल्या माणसांना त्यांनी वर बोलावले.